निरालंबा मदत घेत नाही

...नाही, पण एक दार लावलं म्हणून आभाळ कोसळण्यासारखं काय झालं, तुम्हीच सांगा मला! दार अजयने उघडलेलं. त्याने उघडलेल्या दारातून मी आत गेले असते तर ती त्याची मदत झाली असती की नाही? झाली असती! म्हणून मी काय केलं, ते दार ओढून लावलं आणि माझ्या हाताने परत उघडलं. बस्स, एवढाच माझा गुन्हा. आता आत तीन राक्षस झोपलेले होते, अजयने श्वास रोखून, इंच इंच करत, कोणाला जाग न आणता ते दार सरकवलं होतं, आणि मी ते धाडकन लावून धाडकन उघडलं... हो, उठले ते. तिघंही उठले. पण व्रत म्हणजे व्रत!

घाबरू नका, राक्षस खरे नव्हते. खेळातले होते. तुम्हाला सांगते, हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ असतो, टेबल म्हणजे आमच्याकडे केळीचे चार कॅरेट उलटे घालून वर एक फळी. एक जण सूत्रधार, सगळं जग तो चालवतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राने काय केलं ते तोंडाने सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ना पट, ना सोंगट्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चार शिकलेली माणसं दर रविवारी बुऱ्हाणपूरजवळ, बहादरपूरला येऊन केळीच्या शेडमध्ये एकमेकांना थापा मारतात. वाटू दे!

मास्तर म्हणजे जीवन. शेड त्याच्या घरची. त्याचं ते भुयारांचं राज्य म्हणजे आपलं कुंडी भंडारा, जमिनीखालून शहराला पाणी आणणारे ते जुने बोगदे, फक्त पाण्याऐवजी त्यात राक्षस सोडलेत. अजय मोबाईल दुरुस्त करतो, खेळात चोर आहे. कोमल पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि खेळात वैद्य आहे, म्हणजे आठवडाभर काढलेलं रविवारी परत भरते. आणि मी रंजिता. माझं पात्र निरालंबा. तलवार चालवणारी, एकटी भटकणारी, कोणाचाही आधार न घेणारी. हे नाव शोधायला मला चार दिवस लागले आणि अजयने चार सेकंदांत त्याची 'लंबी मैडम' केली. असो!

तर या खेळाचं एक पुस्तक आहे, अजयने कुठून तरी मिळवून झेरॉक्स काढलेलं. त्यात व्रतांचं पान आहे. व्रत घ्या, पाळा, फाशाला जोर मिळतो. मोडलं तर पात्र संपलं, त्याचा कागद फाडायचा. खरं बोलण्याचं व्रत, शस्त्र न धरण्याचं व्रत, आणि सगळ्यात खाली स्वावलंबनाचं. एक ओळ. 'हे व्रत घेणारा कोणाचीही मदत स्वीकारत नाही.' संपलं! खुलासा नाही, अपवाद नाही, उदाहरण नाही. बाकीचे पटकन पुढचं पान उलटणार तेवढ्यात मी त्यावर हात ठेवला. म्हटलं, हेच.

आता 'मदत' म्हणजे काय? सोपं वाटतं ना? आम्ही सात रविवार भांडलो त्यावर, सात!

पहिल्याच रविवारी विहीर आली. अजयने दोर बांधला, कोमल उतरली, अजय उतरला. निरालंबा काठावर उभी. जीवन म्हणाला, "उतर ना." मी म्हटलं, "दोर कोणाचा आहे?" "अजयचा." "मग कशी उतरू?" भिंतीला धरून उतरले. पडले. वर चढून परत उतरले, कारण पडणं म्हणजे उतरणं नव्हे, तत्त्वाचा प्रश्न आहे. परत पडले. मग भुयार. काळोख. अजयने मशाल पेटवली. झालं! त्याच्या मशालीच्या उजेडात मला दिसणं ही त्याची मदत आहे की नाही? मी म्हटलं, "निरालंबा डोळे मिटते." जीवन बघतच राहिला. "डोळे मिटून चालणार? भुयारात?" "हो." "और सामने गड्ढा आया तो?" "माझी मी पडेन." फासा टाकला. दोन आला. माझी मी पडले.

आणि कोमल! ती तर वकिलाच्या वरताण. मी जखमी झाले की ती म्हणायची, "मी पट्टी बांधते." मी म्हणायचे, "नको." मग ती काय करायला लागली, माझी शुद्ध जायची वाट बघायला लागली! निरालंबा बेशुद्ध पडली रे पडली की ही लगेच औषध पाजणार, वर मलाच पुस्तक दाखवणार, "नीट वाच. 'स्वीकारत नाही' असं लिहिलंय. तू कुठे स्वीकारलीस? तू तर बेशुद्ध होतीस. मी दिली." मी शुद्धीवर आल्या आल्या पट्ट्या सोडून टाकल्या. मास्तर म्हणाला, "परत बेशुद्ध." व्रत म्हणजे व्रत!

मग अजयला पॉइंट सापडला. "मैडमजी, तुमची तलवार कोणी बनवली?" ... तुम्ही हसताय. मी नाही हसले. बरोबरच होतं त्याचं! तलवार लोहाराची, चपला चांभाराच्या, म्हणजे मी इतके दिवस दुसऱ्यांच्या मदतीवर फिरत होते की! त्या रविवारी मी जाहीर केलं, निरालंबा जंगलात थांबेल आणि स्वतःची तलवार स्वतः बनवेल. चोर आणि वैद्य पुढे गेले. फळीच्या त्या टोकाला त्यांची दरीतली लढाई चाललेली, ओरडतायत, फळीवर हात आपटतायत, कोमल तर हसून हसून कॅरेटवरून घसरली. आणि फळीच्या या टोकाला मी. मधून मधून जीवन मान वळवून माझ्याकडे बघायचा, "निरालंबा काय करतेय?" "दगड गोळा करतेय." पंधरा मिनिटांनी परत. "आता?" "भट्टी फुंकतेय." तुम्हाला सांगते, पाऊण तास मी भट्टी फुंकली. खोटी भट्टी, खोटं लोखंड. पण हात मात्र माझे खरंच दुखायला लागले होते, का कोण जाणे.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला ताणायचं? खेळच तर आहे! हेच! हेच सगळे म्हणतात! मला सांगा, जिथे हरायला काही जात नाही तिथेसुद्धा शब्द पाळायचा नाही, मग पाळायचा कुठे?

ऐका. एम.एस्सी. झाले, इंदूरहून परत आले, इथल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली. मुलाखत इतकी भारी झाली होती माझी! मी रंग-बिंग भरून आकृत्या काढल्या होत्या फळ्यावर. दोन महिने मी ताठ मानेने शिकवलं. आणि एके दिवशी ऑफिसातले बाबू सहज, चहा ढवळता ढवळता म्हणतात, "पापाजी कैसे हैं? उन्होंने फोन किया था ना सर को, आपके लिए." पप्पांनी! चाळीस वर्षं नेपानगरच्या कारखान्यात कागद बनवण्यात घालवली त्या माणसाने, कधी एक कोरा ताव घरी आणला नाही, आणि माझ्यासाठी शब्द टाकला! मी त्याच दिवशी राजीनामा दिला. पप्पा म्हणाले, "अगं, मी फक्त नाव सांगितलं त्यांना. शिकवलं तर तूच ना?" मी म्हटलं, "नावच कशाला सांगितलं?" आपल्याकडे बघा ना, कुठेही जा, पहिला प्रश्न काय? "किसकी लड़की हो?" मी काय आहे ते विचारायला कोणाला वेळच नाही!

म्हणून मी बुऱ्हाणपुरात वेगळी खोली घेतली. खाली पॉवरलूम, वर मी. दिवसभर खटाखट खटाखट, फरशी हलते, पाण्याचा ग्लास टेबलावर आपोआप चालत जातो. आता सवय इतकी झाली आहे की वीज गेली, लूम थांबले की मला दचकायला होतं. एकदम सगळं गप्प. मग मी मुद्दाम भांडी घासायला घेते, जोरात. ट्यूशनच्या बारा मुली आहेत माझ्या, त्यावर चालतं. कोणाची ओळख नाही, कोणाचा फोन नाही. सिलिंडर मी चढवते, नळ मी बदलते, मध्ये चार दिवस ताप होता तर थर्मामीटर मी लावला, मीच वाचला, आणि आकडा मोठा आला तर... सांगणार कोणाला, परत झटकून ठेवला. रविवारी कोमलला कळलं. "चार दिवस? रंजिता, चार दिवस? अगं मी लॅबमध्ये काम करते!" मी म्हटलं, "म्हणूनच नाही सांगितलं." त्या दिवशी खेळात निरालंबा दोनदा बेशुद्ध पडली आणि कोमलने औषध पाजलं नाही. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल.

आणि मग ते दार. म्हणजे मी सुरुवातीला सांगितलं ते. राक्षस उठले, अजयचा चोर मरता मरता वाचला, आणि जीवनने पुस्तक मिटलं. जीवन कधी आवाज चढवत नाही हो, केळीवाल्यांचा मुलगा, हळू हाताळायची सवय. म्हणाला, "पुढच्या रविवारी शेवटचं भुयार आहे. तोंडावर शिळा आहे, मिळूनच हलते. एकट्याने नाही हलत. तू ठरव. व्रताचा अर्थ थोडा सैल कर, नाहीतर निरालंबा बाहेर थांबेल."

"थांबेल!" मी म्हटलं. "आणि ऐका, मला कोणी बोलवायला येऊ नका, सांगायला येऊ नका, यायचं असलं तर माझी मी येईन!" आणि तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर, व्हॉट्सॲपचा ग्रुप सोडला. व्रत म्हणजे... काय ते.

सोमवारी कोणाचा मेसेज नाही. मी म्हटलं, छान. मंगळवारी नाही. बुधवारी फोन वाजला, धावत गेले, तर "मैडम, आज क्लास है क्या?" गुरुवारी मी मुलींना निष्क्रिय वायू शिकवत होते. हेलियम, निऑन, कोणाशी संयोग पावत नाहीत, स्वतःत पूर्ण. हिमानी नावाची एक मुलगी आहे, फार प्रश्न विचारते. "मैम, ये किसी से मिलते क्यों नहीं?" मी म्हटलं, "उनको ज़रूरत नहीं होती." तिने वहीत लिहून घेतलं. मग पेन चावत म्हणते, "तो फिर ये दिनभर करते क्या हैं, मैम?"

...मी त्या दिवशी क्लास लवकर सोडला.

आणि हे बघा, त्या तिघांशिवाय या अख्ख्या शहरात मला नावाने हाक मारणारं कोणी नाही. बाकी सगळ्यांची मी 'मैडम'. रविवारचे ते चार तास गेले, तर सात दिवस नुसते लूम. म्हणून रविवारी मी गेले. माझी मी. बारा वाजताच शेअर रिक्षाने बहादरपूरला.

शेडसमोर ट्रक उभा. रविवारी कधी गाडी लागत नाही, त्या दिवशी लागलेली. आणि कौतिककाका एकटेच माल चढवतायत. कौतिककाका जीवनच्या आजोबांच्या वेळेपासून तिथे आहेत, त्यांचा जोडीदार वामन शाहपूरला लग्नाला गेलेला. डोक्यावर चुंबळ, समोर भरलेले दोन कॅरेट एकावर एक. मला बघितलं आणि म्हणाले, "ये वं पोरी, हात लाव जरासा."

लावला. दोघांनी मिळून उचललं, त्यांच्या डोक्यावर टेकवलं, आणि ते गेले चालत. ना मागे बघितलं, ना थँक्यू, काही नाही. परत आले. "हं, लाव." परत लावला. तास-दीड तास असं चाललं, माझे हात चिकाने काळे, ड्रेस गेला कामातून. शेवटी मी विचारलंच. म्हटलं, "काका, मी तुम्हाला एवढी मदत केली..."

थांबलेच ते. डोक्यावर वजन तसंच. "मदत? कशाची मदत वं?"

"हे... उचलून दिलं ते."

"वझं कोनी नेलं? मीच नेलं ना! हात लावला त्याले काय मदत म्हनता का कोनी? डोक्यावरी आपलं आपल्याले घेता येतच नाही, कोनालेच येत नाही. म्हनून मानूस मदत घेतो असं व्हतं का?" आणि निघून गेले, जरा रागातच. जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला!

तुम्हाला सांगते, मी तिथेच खाली बसले. सात रविवार! झेरॉक्सचं ते पुस्तक वाचून वाचून त्याचे कोपरे गेले, कोमलने वकिली केली, अजयने तर्क लढवला, आणि अर्थ इथे होता, चुंबळीखाली! ओझं दुसऱ्याने वाहिलं तर मदत. डोक्यापर्यंत पोचवलं तर मदत नाहीच, त्याला नावसुद्धा नाही! म्हणजे मशाल चालेल. दोर चालेल, उतरायचं मी. शिळेला तर सगळ्यांनी हात लावायचाच असतो! मग पप्पांचा फोन? तोही हात लावणंच... नाही, थांबा, ते मला अजून पटत नाही. त्यावर मी विचार करतेय. पण बाकी सगळं बसत होतं! मला इतका आनंद झाला, म्हटलं, येऊ देत तिघांना, असं मांडते की मास्तर उभा राहून सलाम करेल!

दोन वाजले. आमची वेळ दोनची. कोणी नाही. ट्रक गेला. अडीच. कौतिककाका शेडला कुलूप लावून, सायकल काढून, "बसशील का वं आजून?" विचारून गेले. तीन. मी आणि मागे केळीचं रान, एक पान हलत नाही. मनात ते भाषण माझं सहा वेळा म्हणून झालं होतं.

मग लावला फोन. जीवनने उचलला. मागून अजयचा आरडाओरडा, फासा पडल्याचा आवाज.

"कुठे आहात तुम्ही?"

"कोमलच्या घरी. शेडवर गाडी लागणार होती ना. ग्रुपवर टाकलं होतं."

"मी ग्रुपमध्ये नाहीये."

"...हो ना."

"मग एक फोन नाही करायचा, जीवन?"

मागून अजय, "मैडमजी, तुम्हीच बोलल्या ना, सांगायला येऊ नका! सांगितलं असतं तर मदत झाली असती!" आणि तो टोमणा नव्हता हो, तोच तर त्रास आहे, तो अगदी मनापासून सांगत होता! जीवन म्हणाला, "आम्ही यावर अर्धा तास वाद घातला, रंजिता. पुस्तक काढलं. मतदान घेतलं. दोघांचं म्हणणं, तुझं व्रत आहे, मान ठेवायचा. एक विरुद्ध."

"एक कोण?"

मागून कोमल ओरडली, "मी! आणि मी तुझ्याशी बोलत नाहीये!"

"आणि निरालंबा?"

"भुयाराच्या बाहेर आहे. एका दगडावर बसवलीय. सुखरूप आहे, कोणी तिच्याजवळ जात नाही."

इतक्या काटेकोरपणे माझं व्रत मीसुद्धा पाळलं नव्हतं! बंद शेड, मोकळा रस्ता, रविवार दुपार, शहरापर्यंत तासाभराची वाट आणि रिक्षाचा पत्ता नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "जीवन, मला घ्यायला या."

तिकडे सगळं थांबलं. फासासुद्धा. "परत म्हण."

"मला घ्यायला या."

"ती मागतेय!" अजय किंचाळला. "अरे, ती मागतेय!" जीवन म्हणाला, "थांब, हे व्रत मोडलं असं धरायचं का? कागद फाडावा लागेल..." आणि बघा ना, कौतिककाकांच्या हिशोबानेही मोडलंच, गाडीवर बसवून घरी नेणं म्हणजे अख्खं ओझंच दुसऱ्याने वाहणं! दीड तास टिकला माझा नवा अर्थ, फक्त दीड तास! मी म्हटलं, "त्यावर नंतर भांडू. आधी या!" फोन कट.

वीस मिनिटांत आले. शेवटचं भुयार, शिळा, राक्षस, सगळं तसंच टाकून आले. तिघंही आले. रंजिता मदत मागते ती कशी दिसते ते बघायचं सोडून एकाला तरी मागे राहवेल का? तिघंही... आणि तिघंही एकाच मोटरसायकलवर!

आता चौथी कुठे बसणार? जीवन म्हणाला, मी उतरतो. अजय म्हणाला, नाही, मी. कोमल म्हणाली, कोणी उतरायचं नाही, जो उतरेल तो एकटा पडेल. पुस्तक बरोबर आणलेलं! म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून परत वाद, परत मतदान, यावेळी मीसुद्धा, दोन विरुद्ध दोन. शेवटी मी चालायला लागले. पुढे मी पायी, मागे ते तिघं गाडीवर, फर्स्ट गिअरमध्ये, आणि त्या घुर्रघुर्रमध्ये मी ओरडून माझा सिद्धांत मांडतेय आणि ते ओरडून खोडून काढतायत. अर्धा रस्ता असे आलो आम्ही. मग चढ लागला, फर्स्टमध्ये चालवून चालवून गाडी तापलेली, फटफट करून बंद पडली.

आणि जीवन मागे वळून, अगदी हळू आवाजात, मला म्हणतो, "रंजिता... जरा धक्का मारतेस?"

मारला. काय करणार! चढ होता. पण तुम्हाला सांगते, तिघांतलं एक माणूस खाली उतरेल? एक?